चर्चची उत्तर भिंत आणि तुमचा चुना

मिलिंदच्या बाबांना मिलिंदच्या आईचा सप्रेम जय भीम.

अहो, सगळ्यात आधी आला तो म्हातारा. दहा वाजता येतो म्हणाले होते, तर हा पावणेदहालाच गाडी लावून फुटपाथवर उभा! मी खिडकीतून बघतेय. टाय लावलेला, एका हातात टोपी, आणि दुसऱ्या हातात एक पारदर्शक पिशवी. मला वाटलं केक-बिक असेल. मिलिंदनं दार उघडलं, म्हाताऱ्यानं कुणी न सांगताच बूट काढले, आत आला आणि ती पिशवी आपल्या जेवणाच्या टेबलावर अलगद ठेवली. आत काय असेल सांगा? तोच तुकडा! सिमेंटचा! त्यांच्या चर्चच्या भिंतीचा, मी पाडलेला!

मिलिंद माझ्याकडं बघतो, सुजाता मिलिंदकडं बघते, आणि मैत्री आपली मोबाइलमध्ये तोंड घालून हसू दाबतेय.

पण थांबा. मी अशी मधूनच सांगायला लागले की तुम्ही म्हणायचात, "पाया घातला नाहीस नि छत टाकायला निघालीस." पायापासूनच सांगते.

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. दुसरी पास बाई मी, अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग वाट चुकलेली. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून भागतच नाही. मिलिंदला सांगायला गेले तर "ग्रेट, आई" म्हणाला आणि मीटिंगला बसला. आणि त्यात एक गोष्ट अशी आहे की ती तुम्ही होतात तेव्हाच मी तुम्हाला सांगायला हवी होती. ती शेवटी सांगते. धीर गोळा करतेय.

तर पाया असा. मैत्रीला, म्हणजे आपल्या नातीला, शाळेत एक प्रोजेक्ट होता. आता नववीत आहे ती, माझ्याहून वीतभर उंच. जवळपासची एखादी जुनी इमारत बघायची, तिथल्या माणसांशी बोलायचं आणि लिहून न्यायचं. आता या अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमध्ये जुनं काय असणार? मीच! बाकी सगळी ती कॉम्प्युटर राहतात ती मोठाली घरं, डेटा सेंटर म्हणतात त्यांना. मिलिंद त्यातल्याच एकात कामाला जातो. अख्ख्या इमारतीला खिडकी नाही हो! तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, हे घर कसलं, ही पेटी आहे.

मग सूनबाईनं, सुजातानं, एक चर्च शोधून काढलं. पाऊण तासाच्या रस्त्यावर, शेतांच्या मधे. म्हणाली, "आई, तुम्हीपण चला, घरात बसून काय करणार?" मी काय, चप्पल घालून तयारच.

लांबून बघितलं आणि मी जरा खट्टूच झाले. आपल्या छावणीतलं गोऱ्यांचं चर्च आठवतं ना तुम्हाला? न आठवायला काय झालं, दोन उन्हाळे तुम्ही त्याच्या भिंतीला लटकलेले होतात. काळा दगड, उंच मनोरा, वर घंटा, खिडक्या जोडलेल्या हातांसारख्या टोकदार. त्यांच्या देशातल्या खेड्यात असतं तस्संच बांधून घेतलंय, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. आणि हे? ना मनोरा, ना घंटा. लाल विटांची चौकोनी पेटी, वर उतरतं छप्पर, बाजूला मोठमोठी झाडं आणि झाडांखाली कबरी. मी म्हटलं, "मैत्री, हे तर आपल्या तालुक्याच्या कचेरीसारखं दिसतंय." ती म्हणाली, "आजी, डोन्ट जज!"

पण जवळ गेले आणि माझं मतच बदललं.

अहो, काय विटा लावल्यात! एक वीट लांबीनं, एक वीट तोंडानं, पुन्हा लांबीनं, पुन्हा तोंडानं. खालपासून वरपर्यंत एक ओळ इकडची तिकडं नाही. आणि तोंडाकडच्या विटा निळसर, काचेसारख्या चकाकणाऱ्या, त्यामुळं सगळ्या भिंतीवर चौकड्याचं लुगडं पांघरल्यासारखं दिसतं. मला लगेच कळलं त्या निळ्या कशा झाल्या ते. भट्टीत आगीच्या तोंडाशी राहिलेल्या विटा त्या! आपल्याकडं आपण त्या बाजूला काढायचो, "जळल्या" म्हणून. या लोकांनी त्या निवडून निवडून नक्षीला लावल्या. तुम्ही असतात तर दुपारचा डबा तिथंच, भिंतीकडं तोंड करून खाल्ला असतात.

दाराशी हाच म्हातारा होता. वॉल्टर त्याचं नाव. रिटायर झाल्यापासून चर्चची सगळी देखभाल तोच करतो. मैत्रीनं वही काढली आणि तो लागला सांगायला. तो इंग्रजीत, मैत्री अर्ध्या मराठीत, आणि उरलेलं मी भिंतीवरून समजून घेत होते.

म्हणाला, हे बांधलं तेव्हा अमेरिका नावाचा देशच नव्हता. इंग्रजांचं राज्य होतं इथं, आपल्यासारखंच. त्यांच्या देशात जसं पाच-सात गावं मिळून एक चर्च असायचं, तसंच इथंही वाटून दिलेलं. मूळ नकाशा मनात तिकडचा, पण इथं तसा दगड हाताशी नव्हता. माती होती, लाकूड होतं, शिंपले होते. मग मातीच्या विटा पाडल्या, शिंपले जाळून चुना केला. पुढं इंग्रज गेले, चर्च ओस पडलं. मग कुठल्याशा लढाईत सैनिकांनी आत घोडे बांधले आणि थंडीत बाकं जाळून शेकोट्या केल्या. भिंती मात्र उभ्या राहिल्या.

आत गेलो तर बाकांना दारं! खरंच सांगते, प्रत्येक बाकाभोवती कमरेएवढी लाकडी भिंत आणि तिला बिजागरीचं दार. सैनिकांनी जाळल्यावर ही पुन्हा जुन्यासारखी करून घेतलीत म्हणे. खिडक्या उंच, वरून कमानी, साधी काच, नुसता उजेडच उजेड. पाद्रीसाठी एवढा उंच कट्टा की जिना चढून जायचं, आणि त्याच्या डोक्यावर लाकडाची छत्री, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जावा म्हणून. पूजेचं टेबल पूर्वेला. ते मी वॉल्टरनं सांगायच्या आधीच सांगितलं! तुम्हीच नाही का मला छावणीत ओळंबा सोडताना सांगितलं होतंत, गोऱ्यांची चर्चंही उगवतीकडं तोंड करतात म्हणून? वॉल्टरनं भुवया उंचावून मैत्रीला विचारलं, "तुझी आजी शिकलेली आहे का?" मैत्री म्हणाली, "नो, शी इज जस्ट लाइक दॅट."

मग मी मागं बघितलं. वर एक माडी. अरुंद जिना, बिनपाठीची बाकं. मी विचारलं, तिथं कोण बसायचं? वॉल्टरनं माडीकडं मान केली. म्हणाला, पुढच्या बाकांवर जमीनदार, मागं साधी माणसं, आणि वर त्यांचे गुलाम.

मैत्री त्यावर किती प्रश्न विचारत सुटली. मला काही विचारावं लागलं नाही. जिना बघितला, कळलं.

बाहेर आलो आणि उत्तरेच्या भिंतीकडं वळलो. मैत्रीला एका विटेत तीन खळगे दिसले. वॉल्टर म्हणाला, ही बोटं आहेत. ओली वीट साच्यातून काढताना कुणाची तरी बोटं रुतली, आणि तशीच भाजली गेली. विटा पाडणारे ते गुलामच होते, त्यात बायकाही. चर्चच्या जुन्या वहीत काम घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव आहे, ह्यांचं एकाचंही नाही.

मी आपली बोटं त्या खळग्यांत ठेवली. बरोब्बर बसली. बाईचीच असणार हो, माझ्याएवढ्या हाताची. कितीतरी वेळ मला हात काढवेना.

आणि तेवढ्यात माझं लक्ष त्या विटेच्या कडेला गेलं. मिलिंदचे बाबा, भिंत आजारी होती! विटांची तोंडं सोलून निघालेली, खाली लाल भुसा पडलेला, कमरेपर्यंत ओल चढलेली. आणि विटांमधल्या दरजा मात्र कशा? राखाडी, टणक, ठणठणीत! मी म्हटलं, हे सिमेंट आहे. तुमचा आवाजच कानात आला, "चुन्याच्या भिंतीला सिमेंट म्हणजे नाकातोंडात बोळे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, मग ते विटेला फोडून बाहेर येतं."

आता माझी चूक ऐका. मडकं घेताना वाजवून बघावं तशी तुम्ही भिंत वाजवायचात ना थापीच्या दांड्यानं? मी घराची किल्ली काढली आणि वाजवली. टक. टक. ढब्ब. पोकळ! जरा जोरात वाजवली, आणि हातभर लांब सिमेंट सुटून पायाशी! मैत्री किंचाळली, "आजी! ओ माय गॉड! इट्स अ हिस्टॉरिक चर्च!"

एवढ्यावर थांबावं की नाही? पण आत जुना चुना दिसला, मऊ, पांढरा, शिंपल्यांचे कण चमकणारे. चिमूटभर काढला आणि जिभेला लावला. तुम्ही वाळू नाही का चाखून बघायचात, माती आहे की खार आहे म्हणून? हात आपोआप तोंडाकडं गेला. नेमका तेव्हाच वॉल्टर वळला. त्यानं बघितलं ते हे: एक म्हातारी, हातात किल्ली, पायाशी त्याची भिंत, आणि ती चर्च खातेय!

लालबुंद झाला तो. मैत्री दहा वेळा सॉरी म्हणाली. मी म्हटलं, "सिमेंट बॅड. चुना गुड." आणि स्वतःचं नाक चिमटीत धरून दाखवलं, भिंतीचं असं झालंय म्हणून. तो खाली वाकला. तुकडा उचलला, मैत्रीकडून घरचा फोन नंबर लिहून घेतला, आणि आम्हाला सांगितलं, पुढच्या आठवड्यात या अख्ख्या भिंतीवर सिमेंटचा जाड थर द्यायचा की नाही यावर चर्चची माणसं मतं देणार आहेत.

ऐकलंत? अख्ख्या भिंतीवर! म्हणजे विटा आतल्या आत कुजणार, आणि ती बोटं कायमची गाडली जाणार.

घरी मिलिंद म्हणाला, "आई, इथं लोक कोर्टात खेचतात! तू किल्लीनं का मारलंस?" मी म्हटलं, "मारलं नाही, वाजवलं." तो म्हणाला, "जज्जला सांग." तेव्हापासून घरात फोन वाजला की सुजाता आधी माझ्याकडं बघायची. मला कोर्टाची भीती नव्हती वाटत. मला त्या भिंतीचं काय ठरलं ते कळत नव्हतं, त्यानं घास गोड लागत नव्हता.

आणि मग फोन आला, शनिवारी आम्ही भेटायला येतो. म्हणून तो पावणेदहाचा म्हातारा. दहाला चर्चची पाद्रीण आली. हो, बाई पाद्री! रूथ नाव तिचं, केस बारीक कापलेले, येताना स्ट्रॉबेरीचा मुरंबा घेऊन आली. मुरंबा बघितला आणि मिलिंदचा जीव भांड्यात पडला. कोर्टात खेचणारे मुरंबा आणत नाहीत म्हणाला, मराठीत.

वॉल्टरनं पिशवीतून तुकडा काढला आणि उलटा केला. सिमेंटच्या पाठीला विटेची साल चिकटून आली होती. अख्खी. म्हणाला, "मी हा बारा दिवस बघतोय. मैत्री, तुझ्या आजीला विचार, तिला कसं कळलं?"

मी सांगितलं, मला नाही कळत, मिलिंदच्या बाबांना कळायचं. ते गवंडी होते. मी त्यांच्या हाताखाली रेजा. ते भिंतीवर, मी खाली, डोक्यावर घमेलं. कळीचा चुना हौदात विझवायचा, धुमसून शांत झाला की मुरत ठेवायचा, मग चुन्याच्या घाणीत बैलाच्या मागं फिरून मळायचा, त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. मैत्रीनं ते कसं सांगितलं देव जाणे, पण रूथबाईंनी दोनदा विचारलं, "गूळ? भिंतीत?"

मग वॉल्टरनं कप खाली ठेवला. म्हणाला, "ते सिमेंट मीच भरलं. तीस वर्षांपूर्वी. मी आणि माझी बायको. ती ढकलगाडीत कालवायची, मी दरजा भरायचो. सगळा उन्हाळा. आम्हाला वाटलं आम्ही चर्च वाचवतोय. ती आता नाही."

मिलिंदसुद्धा मोबाइल ठेवून बसला. मला इतकं वाईट वाटलं हो! मी कुठं भिंतीचा दोष दाखवायला गेले, आणि तो निघाला ह्या माणसाच्या संसारातला. मी उठून आणखी चहा टाकला, आलं जरा जास्तच किसलं.

परत आले आणि म्हटलं, "मैत्री, यांना सांग. तेव्हा सगळे सिमेंटच मजबूत म्हणायचे. मीसुद्धा म्हणायची."

आणि छावणीतली गोष्ट सांगितली. आजवर पोरांनाही सांगितली नव्हती. ठेकेदार म्हणाला सिमेंटनं भरा. तुम्ही म्हणालात, नाही भरणार, भिंत मरेल. तो म्हणाला, मग उद्यापासून येऊ नकोस. आणि मी? मी डोक्यावरचं घमेलं खाली आदळलं आणि सगळ्या रेजांसमोर ओरडले, "मोठे आले इंजिनियर! चार वर्ग शिकलेत आणि गोऱ्यांच्या चर्चला अक्कल शिकवतायत! पोरं काय चुना खातील?" सगळे हसले.

वॉल्टरनं विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

काही नाही म्हणाले, मी सांगितलं. बादलीत थापी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि घरी आले.

वॉल्टर किती वेळ मान हलवत होता.

हे त्यांना सांगितलं. पुढचं सांगितलं नाही, ते फक्त तुम्हाला. चार-पाच पावसाळ्यांनंतर मी एकदा छावणीच्या बाजारातून येताना त्या चर्चच्या मागून आले. तुम्ही सिमेंटनं भरायला नाही म्हणालात ती भिंत, मागाहून दुसऱ्यांनी भरलेली. दगडांचे पापुद्रे सुटलेले, आतून पाणी झिरपतंय, सिमेंट मात्र दात विचकून बसलेलं. तुम्ही म्हणाला होतात अगदी तसंच. मी उभी राहिले, बघितलं, आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तुम्ही समोर बसला होतात. एक शब्द बोलले नाही. का नाही बोलले? एवढ्या माणसांत तुमचा पाणउतारा केला होता, आता कुठल्या तोंडानं म्हणू, असं वाटलं. मग उद्या सांगू, परवा सांगू. मग तुमचा तो खोकला आला, दवाखाने आले, आणि तुम्ही गेलात. मिलिंदचे बाबा, तुमचं बरोबर होतं. मला माहीत होतं.

तुम्हीही काही कमी नव्हतात हं! तोंडाला फडकं बांधा म्हणून मी किती वेळा सांगितलं? "चुना माझं काही करत नाही" म्हणे! आणि मला कधी एकदा तरी थापी धरू दिलीत? "बायकांचं काम नाही" म्हणून घमेलंच दिलंत जन्मभर. भिंतीचं इतकं कळणाऱ्या माणसाला एवढं कळू नये?

पण रागावत नाही. आज रागवायचा दिवस नाही. कारण पुढचं तर ऐका!

वॉल्टर नुसत्या माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून मोकळा झाला नव्हता. शहाणा माणूस. त्यानं त्या मधल्या दिवसांत जुन्याच इमारतींचं काम करणारी एक गवंडीण बोलावली होती. गवंडीण! बाई! पॅन्टच्या खिशात थापी! तिनं भिंत वाजवली, दरज खरवडली, आणि म्हणाली, सिमेंट काढा, चुना भरा, नाहीतर ही भिंत जाईल. मग चर्चच्या सभेत, जिथं थर द्यायचा म्हणून मतं घेणार होते, तिथं वॉल्टर स्वतः उभा राहिला. रूथबाई सांगत होत्या. म्हणाला, "ही भिंत मी बिघडवली. मला वाटलं होतं मी बरोबर आहे. मी चुकलो." ऐंशीच्या घरातला माणूस, सगळ्या गावासमोर! आणि सगळ्यांनी हात वर केले, चुन्याच्या बाजूनं. थराचं काम रद्द. थंडी पडायच्या आत ती सिमेंटची दरज न् दरज हातानं, छिन्नीनं काढायची, विटेला धक्का न लावता.

मी टेबलावरच टाळी वाजवली. मैत्रीनं मला मिठी मारली, म्हणाली, "आजी, यू आर अ लेजंड, यार!" सुजातानं लगेच चिवडा काढला. वॉल्टरनं दोनदा घेतला आणि मला म्हणाला, "चर्चपेक्षा हे चविष्ट आहे." हसून हसून माझ्या डोळ्यात पाणी.

मी रूथबाईंना म्हटलं, चुना भरल्यावर ओलं गोणपाट लावा, उन्हात सोडू नका. त्या म्हणाल्या, गवंडीणबाईंनीपण हेच सांगितलंय. गुळाचं विचारलं तर म्हणाल्या, गूळ मात्र नको म्हणाल्यात त्या. जाऊ दे. त्यांचा शिंपल्यांचा चुना, त्यांना माहीत. पण मनातून मला वाटतं थोडा घालायला हरकत नव्हती. तुम्हाला काय वाटतं?

निघताना वॉल्टरनं दारात बूट घालता घालता विचारलं, "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

आणि मी गप्प! अहो, जन्मात कधी घेतलंय का मी तुमचं नाव? लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, तेही लाजत. त्यानंतर 'अहो' आणि 'मिलिंदचे बाबा'. रेशनच्या ऑफिसातसुद्धा पोराला पुढं करायची. तोंड उघडलं, पण जीभच उचलेना. शेवटी मिलिंदनं सांगितलं. वॉल्टरनं ते खिशातल्या कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाला, आम्ही चर्चच्या वहीत भिंतीच्या कामाची नोंद करणार आहोत. कुणाच्या सांगण्यावरून सिमेंट काढलं, तेही लिहायचंय. कामाला सुरुवात करताना सगळे जमतील, तेव्हा तुम्ही येऊन दोन शब्द सांगाल का?

मैत्रीनं मराठीत सांगायच्या आधीच मी "येस" म्हटलं.

ते गेल्यावर मी कितीतरी वेळ टेबलाशी बसून होते. ती बोटं विटेत ठेवणारी बाई आठवत होती. तिचं नाव सांगणारं कुणी उरलं नाही. वॉल्टरला म्हटलंय मी, वहीत तिच्यासाठीही एक ओळ लिहा, नाव नसलं तरी. तो म्हणाला, लिहीन. आणि तुमचं नाव सांगणारी तर मी धडधाकट बसलेय इथं, चिवडा खात, आणि मला ते तोंडातून काढता येऊ नये? लाज वाटली हो माझी मला.

तेव्हा आता वचन देते. त्या दिवशी मी घमेलं उचलणार नाही. गवंडीणबाईंनी कळवलंय, तो तुकडा निघाला तिथली पहिली दरज मी भरायची, थापी माझ्या हातात. आणि भरायच्या आधी त्या सगळ्या गोऱ्या माणसांसमोर, मिलिंदसमोर, सुजातासमोर, मैत्री मराठीतून इंग्रजी करायला उभी असताना, मी मोठ्यानं म्हणणार आहे: "हे सांगणारे किसन गवंडी. माझे यजमान. चार माणसांत मी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यांचं बरोबर होतं, माझं चुकलं."

बघा, लिहिलं तुमचं नाव. आता बोलायची सवय करतेय. सकाळपासून स्वयंपाकघरात चार वेळा म्हणून बघितलं, सुजाता म्हणाली, "आई, कुणाला हाक मारताय?"

रूथबाई आणि वॉल्टर मला न्यायला परत येतो म्हणालेत, येत्या शनिवारी, सकाळी नऊला.

तुमची,
कौसल्या